निवृत्तीनंतर पाहू!

‘निवृत्तीनंतर पाहू’ हे वाक्य आमच्या शिक्षकांच्या व कारकुनांच्या तोंडी इतके रुळले आहे की, ती सबब वाटेनाशी झाली आहे. याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आणि काही काळ येथेच शिक्षक असलेले पांडुरंग वामन काणे यांनी मुंबईत वकिली सांभाळून ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ इंग्रजीतून लिहावयास घेतला.  पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. पाचवा १९६२ मध्ये पुरा झाला तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. रोजच्या वाचन-लेखनातच या श्रमांचे वेतन चुकते होत असले पाहिजे. १९६३ च्या भारतरत्नाकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, शेवटी फळ मिळालेच की! परंतु पहिला खंड प्रसिद्ध झाला तेव्हा तो किताब अस्तित्वातही नव्हता. तो सुरू झाला १९५४ साली.