मत असणे आणि मत देणे



मराठीत 'मत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एखाद्या गोष्टीविषयी आपल्याला जे वाटते, ते आपले मत. निवडणुकीत आपण यंत्रावरचे बटण दाबून जे देतो, तेही मतच. उर्दूतही असेच आहे. 'राय' म्हणजे विचार, आणि मतदानाच्या हक्काला आपण 'हक-ए-राय-दही' म्हणतो. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट ओळखली आहे. ज्याच्याजवळ स्वतःचे मत नाही, तो मत देणार कोठून?

तुम्ही आठवी, नववी, दहावीत शिकता. मत देण्याचा हक्क तुम्हाला अजून मिळालेला नाही. त्यासाठी १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पण मत असण्यासाठी वयाची अट नाही. मला तर वाटते, ही चार-पाच वर्षेच खरी महत्त्वाची आहेत. अठराव्या वर्षी हक्क मिळतो, शहाणपण मात्र त्या दिवशी टपालाने येत नाही. ते आधीपासून जमवावे लागते.

लोकसभेची निवडणूक जवळ आली, की शाळेच्या भिंतीवर मतदान केंद्राचा क्रमांक लागतो. गल्लीत रिक्षावरचा कर्णा वाजू लागतो. त्या दिवसांत माझे विद्यार्थी मला तीन गोष्टी हमखास ऐकवतात. पहिली, "टीचर, एका मताने काय होते?" दुसरी, "राजकारण हे वाईट लोकांचे काम." आणि तिसरी, "आमच्या घरी मत कोणाला द्यायचे, ते अब्बाच ठरवतात." या तिन्ही गोष्टींचा आपण शांतपणे विचार करू.

आधी एका मताची गोष्ट. इंग्रजांच्या काळात आपल्या देशात निवडणुका होत होत्या, पण मत सर्वांना नव्हते. ज्याच्याजवळ मालमत्ता आहे, जो कर भरतो, जो शिकलेला आहे, अशा थोड्याच लोकांना ते होते. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ही भिंत पाडली. धर्म, वंश, जात किंवा स्त्री-पुरुष भेद यांवरून कोणालाही मतदार यादीबाहेर ठेवता येणार नाही, असे घटनेने सांगितले. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. तेव्हा सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. १९५१ च्या जनगणनेनुसार शंभरांतली सुमारे अठराच माणसे लिहू-वाचू शकत होती. निरक्षर माणसाला उमेदवार ओळखता यावा म्हणून चिन्हे ठरवली गेली आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली गेली. ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्याही मताची किंमत बॅरिस्टरच्या मताइतकीच होती. ती आजही तेवढीच आहे. तेव्हा मतदानाचे वय २१ होते. घटनेत दुरुस्ती होऊन १९८९ पासून ते १८ झाले.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ९६ कोटींहून अधिक मतदार होते. त्यांपैकी सुमारे ६४ कोटी लोकांनी मतदान केले. एवढ्या समुद्रात एका थेंबाने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच निवडणुकीत आपल्या महाराष्ट्रात, मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात, विजयी आणि पराभूत उमेदवारांत फक्त ४८ मतांचा फरक पडला. अठ्ठेचाळीस माणसे म्हणजे किती? आपल्या एका वर्गात बसतील एवढी! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. मालेगाव मध्य मतदारसंघात निकाल १६२ मतांनी लागला. त्याआधी १९९९ साली, १७ एप्रिलला, लोकसभेत केंद्र सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली. एका मताने देशाचे सरकार गेले.

तुम्ही म्हणाल, असे नेहमी घडत नाही. खरे आहे. पुष्कळ ठिकाणी हजारो, लाखो मतांचे अंतर असते. पण मताची किंमत फक्त हार-जितीवर मोजायची नसते. गुजरातमधील गीरच्या जंगलात बाणेज नावाच्या ठिकाणी एकाच मतदारासाठी मतदान केंद्र उभारले जाते. २०२४ सालीही ते उभारले गेले. कर्मचारी यंत्र घेऊन जंगलात जातात, केंद्र मांडतात आणि त्या एका माणसाची वाट पाहतात. त्या एका मताने निकाल बदलत नाही. तरीही सरकारी यंत्रणा त्याच्यापर्यंत चालत जाते. कारण त्या दिवशी तो माणूस देशाचा मालक असतो. मालकाला त्याचा हक्क द्यावाच लागतो.

आता दुसरी गोष्ट. राजकारण वाईट लोकांचे काम आहे का? काही पुढारी खोटे बोलतात, आश्वासने विसरतात, माणसामाणसांत भांडणे लावतात. हे मी नाकारत नाही. पण गावाची विहीर गढूळ झाली, म्हणून गाव पाणी पिणे सोडत नाही. गाळ उपसतो. चांगली माणसे राजकारणापासून दूर राहिली, तर गाळच वर येणार.

शिवाय राजकारणापासून दूर राहायचे म्हटले, तरी ते आपल्यापासून दूर राहत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळाले पाहिजे, असा कायदा संसदेने २००९ साली केला. तुमच्यापैकी कितीतरी जण त्याच कायद्याच्या आधाराने शिकत आलात. हा कायदा आकाशातून पडला नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी तो केला.

मात्र कोणाला काय विचारायचे, हे माहीत असले पाहिजे. गल्लीतले गटार तुंबले, तर त्याचा जाब नगरपालिकेला विचारावा. पोलीस हा राज्य सरकारचा विषय आहे. रेल्वे, देशाचे संरक्षण, परराष्ट्रांशी संबंध हे केंद्राचे विषय आहेत आणि त्यांचे कायदे संसदेत होतात. लोकसभेच्या उमेदवाराला केवळ गटाराविषयी विचारले, तर तो हसून "करू, करू" म्हणेल आणि खऱ्या प्रश्नांतून सुटून जाईल. ज्याला प्रश्न नीट विचारता येतो, त्याला फसवणे कठीण असते.

'उमेदवार' हा शब्द पाहा. तो उर्दूत आहे, मराठीतही आहे. उमेदवार म्हणजे उमेद बाळगणारा, आशा धरणारा. निवडणुकीत आशा कोण धरतो? तो. मागायला कोण येतो? तो. मग आपण मान खाली घालून का उभे राहावे? प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, आपली मालमत्ता आणि आपले शिक्षण यांची माहिती प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावी लागते. ही माहिती कोणालाही पाहता येते. ती वाचावी. हार-तुरे आणि घोषणा यांपेक्षा तो कागद अधिक बोलतो. आणि कोणीच उमेदवार योग्य वाटला नाही, तर २०१३ पासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' असेही एक बटण आहे.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. "मत कोणाला द्यायचे, ते अब्बा ठरवतात." काही घरांत अब्बाही ठरवत नाहीत. मोहल्ल्यातले चार जण बसून ठरवतात आणि बाकीचे मान डोलावतात. वडीलधाऱ्यांचा सल्ला घेणे ही चांगली गोष्ट आहे. त्यांनी जग पाहिलेले असते. पण सल्ला वेगळा आणि हुकूम वेगळा. कायद्याने मतदान गुप्त ठेवले आहे, ते याचसाठी. मतदानाच्या आडोशामागे एका वेळी एकच माणूस जातो. तिथे अब्बा नसतात, शेजारी नसतात, मालक नसतो, पुढारी नसतो.

गुप्त मतदानाने काय फरक पडतो, हे आम्ही एकदा वर्गात करून पाहिले. वर्गप्रतिनिधी निवडायचा होता. मुलींनी ठरवले, की आधी हात वर करून मते मोजायची आणि मग चिठ्ठ्या टाकून मोजायची. हात वर करायची वेळ आली, तेव्हा प्रत्येक जण आधी शेजारणीकडे पाहत होती. वर्गात जिचा दरारा होता, तिला भराभर हात मिळाले. मग चिठ्ठ्या टाकल्या. मागच्या बाकावर बसणारी, कोणालाही वही देणारी, एक शांत मुलगी निवडून आली. मुली त्याच, वर्ग तोच. फक्त शेजारणीची नजर नव्हती.

जो मत विकतो, तो तर ही मोकळीकच विकतो. पाचशे रुपये चार दिवसांत संपतात, पाच वर्षे मात्र तोंड बंद राहते. मतासाठी पैसे देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हे आहेत. तसेच 'हा आपल्या धर्माचा, म्हणून त्याला मत द्या' किंवा 'तो दुसऱ्या धर्माचा, म्हणून देऊ नका' असे सांगून मते मागायलाही कायद्याची मनाई आहे. माझेही मत तेच आहे. उमेदवाराचे काम पाहावे, बोलणे तपासावे, आणि तो सर्वांना एका नजरेने वागवतो का, हे पाहावे. मोबाईलवर आलेला प्रत्येक संदेश खरा मानू नये. ज्या संदेशाने एकदम राग येतो, तो तर दोनदा तपासावा.

आता मुलींसाठी एक जुनी हकिकत सांगते. पहिल्या निवडणुकीसाठी घरोघर जाऊन नावे लिहिली जात होती. तेव्हा अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच त्यांनी सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही, असे ठरवले. नाव सांगा, असा आग्रह धरला. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. नाव नाही, तर मत नाही. आज चित्र बदलले आहे. २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकांत स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित जास्तच होते.

पण नावाचा प्रश्न अजून संपलेला नाही, आणि इथेच तुमचे काम सुरू होते. २०२४ साली मी मतदान केंद्रावर होते. यादीत नाव शोधण्याचे काम माझ्याकडे होते. दुपारी एक म्हातारी नातवाचा हात धरून उन्हातून आली. तिच्याजवळ मतदार ओळखपत्र होते. मी यादी दोनदा वाचली. तिचे नाव नव्हते. घर बदलल्यावर कोणी यादी पाहिलीच नव्हती. ओळखपत्र असले, तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. ती थोडा वेळ बाकावर बसली, पाणी प्यायली आणि परत गेली. बरोबरचा नातू नववीतला असावा. त्याला मराठी वाचता येत होते. चार महिने आधी त्याने यादी वाचली असती, तर दादी मत देऊन गेली असती.

महाराष्ट्रातील मतदार यादी मराठीत असते. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी देवनागरी सहज वाचणारे तुम्हीच आहात. उर्दूतले नाव देवनागरीत लिहिताना चुका होतात, हे तुम्ही आपल्या हजेरीपटावरही पाहिले असेल. 'जुबेदा' कुठे 'झुबेदा' होते, 'खदिजा' कुठे 'खतिजा' होते. म्हणून यादी हातात घ्या. घरातल्या प्रत्येकाचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, घर क्रमांक मोठ्याने वाचा. चूक असेल किंवा घर बदलले असेल, तर नमुना क्रमांक ८ भरावा लागतो. नवे नाव घालायचे असेल, तर नमुना क्रमांक ६. आपल्या भागाचे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना लोक बीएलओ म्हणतात, ते मदत करतात. पुष्कळदा ते एखाद्या शाळेचे शिक्षकच असतात. तुम्हाला स्वतःलाही १७ वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो.

निवडणुकीची घोषणा होईपर्यंत थांबू नका. कर्णे वाजू लागले, की सगळ्यांची घाई सुरू होते आणि दुरुस्तीची मुदत निघून जाते. या रविवारीच यादी पाहा. दादीला शेजारी बसवा, अम्मीला बसवा, आणि त्यांचे पूर्ण नाव त्यांना वाचून दाखवा. ते बरोबर लिहिले आहे का, विचारा. मग मत कोणाला द्यायचे, ते मात्र त्यांनाच ठरवू द्या.