न्यायासनावरून वकिलातींत
न्या. महंमद करीम छागला यांच्या सचोटीविषयीं शंका घेण्याइतके आम्ही कृतघ्न नाहीं. १९५८ सालीं मुंदडा प्रकरणाची उघड चौकशी करून अर्थमंत्र्यांस खुर्ची सोडावयास लाविली, ती ह्यांनींच. परंतु निवृत्त न्यायाधीशांनीं सरकारी पद घेऊं नये, त्यास घटनेनेंच प्रतिबंध करावा, असें विधि आयोगानें त्याच वर्षीं सुचविलें. छागला त्या आयोगाचे सभासद! आणि त्याच वर्षीं मुंबईचें मुख्य न्यायाधीशपद सोडून ते अमेरिकेंत राजदूत झाले. आयोगाचे अध्यक्ष सेटलवाड यांस हें खटकलें, यांत नवल तें काय? ही देशसेवाच, असें चाहते म्हणतात. असेल, पण ती देणारा हात सरकारचा, आणि रयत ज्याच्याविरुद्ध दाद मागते तो पक्षकारही सरकारच. छागलांस मोह शिवला नसेल. निवाडा लिहितांना ज्याला निवृत्तीची तारीख आठवते, त्या दुबळ्या न्यायाधीशानें मात्र कोणाचा कित्ता गिरवावा?