श्रेय कोणाच्या पदरीं?

गेल्या पंधरवड्यांत आमच्या नाशिकच्या घरीं रात्रीच्या पंक्तीला एक वाद रंगला. वास्तविक गोल्फ क्लबच्या मैदानावरील क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाचें नांव आमच्याकडे क्वचितच निघतें. पण त्या दिवशीं विषय निघाला तो हॉकीचा. धाकटे चिरंजीव म्हणाले, "नाना, खरे प्रशिक्षक फुल्टन. रीड विश्वचषकांत नववे आले नि गेले." नाना शांतपणें म्हणाले, "अरे, मग टोकियोचें पदक काय आभाळांतून पडलें?"

नानांचा प्रश्न आम्हांला मार्मिक वाटला. ग्रॅहॅम रीड हे ऑस्ट्रेलियाचे, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेत्या संघांतील खेळाडू. २०१९ सालीं ते भारतीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. टोकियोस २०२१ सालीं ऑस्ट्रेलियाकडून ७-१ असा सपाटून मार खाल्लेल्या त्याच संघानें जर्मनीविरुद्ध ३-१ अशा पिछाडीवरून ५-४ नें सामना जिंकून कांस्यपदक आणलें. १९८० नंतर एकेचाळीस वर्षांनीं हा योग आला. गंमत अशी कीं, उपांत्य सामन्यांत आपल्याला हरविणाऱ्या बेल्जियमचे सहाय्यक प्रशिक्षक होते क्रेग फुल्टन!

पुढें जानेवारी २०२३ मध्यें भुवनेश्वर व राउरकेला येथील विश्वचषकांत भारतानें साखळींत एकहि सामना गमावला नाहीं. न्यूझीलंडविरुद्ध मात्र ३-१ अशी आघाडी हातची गेली, बरोबरी झाली आणि शूटआऊटमध्यें संघ बाद झाला. शूटआऊट म्हणजे एकटा खेळाडू, समोर एकटा गोलरक्षक आणि आठ सेकंद. त्याच महिन्याच्या अखेरीस रीड यांनीं राजीनामा दिला. पराभवानंतर त्यांनीं संघाला मानसिक तयारी करून घेणारा तज्ज्ञ हवा असें बोलून दाखविलें होतें. तो तज्ज्ञ आला, परंतु फुल्टन यांच्या कारकीर्दींत: २०११ च्या विश्वविजेत्या क्रिकेट संघाबरोबर काम केलेले पॅडी अप्टन. मागणी एकाची, लाभ दुसऱ्याचा. सरकारी कचेरींत नोकरी केलेल्या आमच्या वाचकांना यांत नवल वाटूं नये.

म्हणून फुल्टन यांचें कर्तृत्व कमी लेखावें असें मात्र नाहीं. रीड यांचा ओढा चढाईकडे. या दक्षिण आफ्रिकी गृहस्थांचा आग्रह असा कीं, बचाव पक्का असेल तरच विजय हातीं येतो. पॅरिसला २०२४ सालीं ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यांत अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळालें आणि दहा खेळाडूंनीं चाळीसाहून अधिक मिनिटें खिंड लढविली. १-१ अशी बरोबरी झाली. पुन्हां शूटआऊट, आणि या वेळीं श्रीजेश यांच्या गोलरक्षणानें ४-२ असा जय. पुढें स्पेनला हरवून पुन्हां कांस्यपदक. परंतु त्या सोळा खेळाडूंपैकीं पांचच जण प्रथम ऑलिंपिक खेळत होते. बाकीचे कोणाच्या हाताखालीं तयार झाले, हें चिरंजीवांनीं पाहावें.

आमच्या मुंबईच्या ज्योकिम कार्व्हालो यांचीहि या वेळीं आठवण होते. २००७ सालीं त्यांच्या संघानें चेन्नईस आशिया चषक जिंकला आणि अवघ्या सहा महिन्यांनीं चिलीमध्यें ब्रिटनकडून २-० नें हरून ऑलिंपिकची संधि गमावली. १९२८ पासून असें प्रथमच घडत होतें. कार्व्हालोंनीं पद सोडलें आणि चषकाचें नांव कोणी काढेनासें झालें.

चिरंजीवांना आम्ही एवढेंच विचारलें कीं, जून २०२५ मध्यें फुल्टन यांचा संघ प्रो लीगमध्यें ओळीनें सात सामने हरला, तेव्हांच त्यांना निरोप दिला असता तर सप्टेंबरांत राजगीरचा आशिया चषक कोणाच्या नांवावर लागला असता? उत्तर येण्यापूर्वींच ताकाचें भांडें आलें. नाना मात्र गालांतल्या गालांत हसत होते.