एकसष्टावा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा टँकर सोडला तर कशावरही एकमत होत नाही, हे या सदराच्या वाचकांना एव्हाना पाठ झालं असेल. या आठवड्यात ते झालं. विषय, मागच्या गल्लीतली महापालिकेची शाळा. कुणीतरी सरकारी शाळांतल्या पोरांना वाचता येत नाही असं सांगणारं कात्रण टाकलं आणि खाली लिहिलं, 'बघा, आपल्या मागे काय चाललंय!' लगेच अंगठ्यांचा पाऊस. त्या शाळेचं फाटक ज्यांनी कधी ओलांडलं नाही, त्यांचे अंगठे सगळ्यांत आधी.

कात्रणातले आकडे खरे आहेत. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत 2024 साली देशातल्या सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी 23.4 टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2022 मध्ये, कोविडनंतर, हाच आकडा 16.3 होता, म्हणजे सुधारणाच म्हणायची. पण 'असर' ही ग्रामीण भागाची पाहणी, आणि मुलांना गाठतात ते घरोघरी जाऊन. आमच्या मागची शाळा तिच्यात येतच नाही. तसं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, 'ते ठीक आहे काका, पण तिथलं पब्लिक बघा ना.'

चला, पोटातलं ओठावर आलं! तिथलं पब्लिक मी सकाळी दुधाला जाताना रोज बघतो. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींच्या नाती, वॉचमनचा नेपाळी मुलगा, इस्त्रीवाल्याची जुळी. आमच्या फाटकातून रोज आत येणाऱ्या माणसांचीच ही पोरं. या माणसांच्या हाती आपण घराची किल्ली देतो. पण त्यांच्या पोराशेजारी आपलं पोर बसवायची वेळ आली की एकदम शाळेचा निकाल आठवतो. घरी अभ्यास घेणारी आई आणि वर महिन्याची शिकवणी, अशी पोरं जिथं जातात तिथला निकाल चांगलाच लागणार. त्यात शाळेचा वाटा किती आणि शिकवणीवाल्या ताईंचा किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

त्या शाळेच्या मोठ्या बाई आमच्याकडे मुलांची जुनी मासिकं न्यायला येतात. त्यांच्या शाळेचा पट साठीच्या आसपास हेलकावे खातो. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्याप्रमाणे प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तीन. नंतरच्या शासननिर्णयाने नवं पद मिळणं आणखी अवघड करून ठेवलंय, पण असलेलं टिकवायला तरी 61 लागतातच. मोजणी 30 सप्टेंबरच्या पटावर, आणि ज्याचं आधार जुळेल तोच धरायचा.

यंदाचा एकसष्टावा होता तिसरीतला एक पोरगा, बीडकडचा. दाखल्यावर त्याचं नाव एक, आधारवर वेगळं, आणि जन्मतारीख 1 जानेवारी. आईची 1 जानेवारी, बापाचीही 1 जानेवारी. तारीख ठाऊक नाही, नुसतं वय सांगितलं, की यंत्र पहिली जानेवारी घालून मोकळं होतं.

यावर मी बाईंना जे ऐकवलं ते तुम्हीही ऐका. आमच्या वेळी हे काम गुरुजी करत. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला घेऊन आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी पोराकडे एकदा नीट बघून 1 जून लिहून टाकत. माझ्या चुलत्यांचे तिघे मुलगे, तिघेही 1 जूनचे. थोरल्यात आणि मधल्यात प्रत्यक्षात तीन वर्षांचं अंतर, कागदावर एकाच वर्षाचं, कारण मधला अंगानं थोराड होता. काकू म्हणायची, 'मधला झाला तेव्हा खळ्यावर मळणी चालली होती एवढं आठवतंय. तारीखबिरीख तुमचा मास्तर जाणे.' पुढं तिघंही सरकारी नोकरीत लागले. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस नियमानं आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळं 31 मे म्हटलं की राज्यभरच्या कचेऱ्यांत शाल, श्रीफळ आणि तेच ते भाषण. दुसऱ्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात सरकारी कचेरीत काम काढू नये, हा माझा सल्ला फुकट आहे.

गुरुजींनी तारखाच रचल्या. पुढं काही संस्थाचालकांनी अख्खी पोरं रचली. ऑक्टोबर 2011 मध्ये बोटांना शाई लावून राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो मुलं फक्त हजेरीपटावरच राहत होती असं निघालं. त्यांच्या नावानं तांदूळ शिजत होता, पगार निघत होते. आधारची कटकट तिथून आलीय हे बाईंनाही मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की खोटी पोरं पकडायला लावलेल्या जाळ्यात त्यांचं खरं पोर अडकलं.

ते त्यांनी आधार केंद्रावर खेटे घालून सप्टेंबरात सोडवलं. रिक्षाचे पैसे पदरचे, पोराच्या बापाची बुडालेली मजुरीही त्यांनीच भरून दिली. पट 61 झाला, तिसऱ्या बाईंचं पद वाचलं. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या मुकादमाची उचल फेडायला आईबाप कोयत्यावर गेले आणि पोरगंही गेलं, कारण गावाकडं त्याला सांभाळणारी आजी आता नाही. ज्याच्यामुळं शिक्षक टिकला त्या पोराच्या नावापुढं सत्राच्या चाचणीत 'गैरहजर'.

"वाचायला लागला होता हो काका," बाई म्हणाल्या. "जोडाक्षरं तेवढी राहिली होती. तुमच्यातली चार मासिकं दिलीत बरोबर, कोपीत बसून वाच म्हटलं. त्याच्या बहिणीला जूनमध्ये पहिलीत घ्यायचंय. तिचा जन्मदाखला आत्तापासूनच मागून ठेवलाय."