प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळास शेवटची सूचना

फार्मव्हिल, व्हर्जिनिया. जून १९६४.

मंडळाने नोंद घ्यावी.

२५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे. सरकारी शाळांना कुलूप लावायचे आणि गोऱ्यांच्या खासगी शाळेला सरकारी पैसा पुरवायचा, हा कारभार घटनाबाह्य ठरला आहे. शाळांसाठी कर बसवण्याचा हुकूम जिल्हा न्यायालय तुम्हाला देऊ शकते. निकाल तुम्ही वाचला असेल. आम्ही पाठ केला आहे.

यापुढे अर्ज येणार नाहीत. विनंत्या संपल्या.

तेरा वर्षांचा हिशेब मात्र एकदा समोर ठेवतो.

आमच्या काळ्या मुलांचे मोटन हायस्कूल बांधले सुमारे १८० जणांसाठी. १९५१ साली तिथे साडेचारशेच्या वर मुले होती. काउंटीने वर्ग बांधले नाहीत. लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून शेड उभ्या केल्या. आत एक शेगडी. शेगडीलगतचे पोर भाजून निघे. दाराजवळचे कोट न काढता लिहीत बसे. पाऊस आला की छप्पर गळे.

आईबाप शाळा मंडळाच्या बैठकांना जात राहिले. पुढे बघू, हे उत्तर घेऊन परतत राहिले.

२३ एप्रिल १९५१ रोजी मुलेच वर्गाबाहेर पडली. पुढे होती सोळा वर्षांची बार्बरा जॉन्स. महिन्याभरात ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी दावा गुदरला. फिर्यादी ११७ विद्यार्थी. मागणी एकच: वेगळ्या शाळाच नकोत.

काउंटीने मुख्याध्यापकाची नोकरी घालवली. मग नवी इमारत बांधून दिली. इमारत आम्ही वापरली. दावा मागे घेतला नाही.

१७ मे १९५४. टोपेकाच्या ब्राऊन खटल्याबरोबर आमचाही निकाल लागला. नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताने आमच्या बाजूने. वर्षभराने अंमलबजावणीचा आदेश निघाला, पण त्यात तारीख नव्हती. ती फट तुम्ही बरोबर हेरली. चार वर्षे त्या फटीतून काढलीत.

१९५९ साली तारीखही आली. सप्टेंबरपासून आमच्या मुलांना गोऱ्या मुलांच्या शाळेत घ्या, असे अपील न्यायालयाने बजावले.

तुम्ही शाळांसाठी एक डॉलर मंजूर केला नाही. काउंटीतल्या झाडून साऱ्या सरकारी शाळा बंद झाल्या.

गोऱ्या मुलांचा सप्टेंबर चुकला नाही. त्यांची खासगी अकादमी तयार होती. पुढे तिच्या फीसाठी सरकारी अनुदान आले, देणगीदारांना करात सूट आली. आमच्या सतराशेच्या आसपास मुलांच्या वाट्याला काही आले नाही. कर आम्हीही भरत होतो.

आमच्यासाठीही एक वेगळी खासगी शाळा काढून द्यायला इथले काही गोरे पुढारी निघाले होते. अर्ज जवळजवळ आलेच नाहीत. तेव्हाच तुम्ही आम्हाला ओळखायला हवे होते.

आम्ही दगड उचलला नाही. चर्चच्या तळघरांत मुले गोळा केली. ज्यांना जमले त्यांनी ती शेजारच्या काउंटीत नातलगांकडे ठेवली. काही परराज्यात, अनोळखी घरी गेली. उरलेली तंबाखूच्या शेतात राबली.

१९५९ साली जे पोर पहिलीत बसायचे होते, ते आज अकरा वर्षांचे आहे. गेल्या सप्टेंबरात देणग्यांवर फ्री स्कूल सुरू झाल्या, तेव्हा कुठे त्याला वर्गात बाक मिळाले. त्या शाळा एका वर्षापुरत्या होत्या. वर्ष सरले.

जे तेव्हा अकरावीत होते, ते आता शाळेच्या वयाचे राहिलेले नाहीत. त्यांची वर्षे कोणत्याही हुकुमाने परत मिळणार नाहीत. ती आम्ही तुमच्या नावे मांडून ठेवली आहेत.

आता ऐका.

नव्या अंदाजपत्रकात सरकारी शाळांची तरतूद करा. पुरेशी करा. सप्टेंबरात दारे उघडली पाहिजेत, सर्वांसाठी.

नावाला चार पैसे शाळांकडे टाकायचे आणि थैली अकादमीच्या फीकडे रिकामी करायची, असा बेत असेल तर आजच सोडा. तुमचे प्रत्येक पान आम्ही तपासणार आहोत.

तरतूद झाली नाही, तर आम्ही जिल्हा न्यायालयात उभे राहू. हुकूम मागू. हुकूम मोडलात, तर अवमानाची कारवाई मागू. मंडळाला कोठडीत टाकता येत नाही. सदस्यांना येते.

आमच्याने हे होणार नाही, अशी कुणाची समजूत असेल तर मेन स्ट्रीटच्या दुकानदारांना विचारा. गेल्या उन्हाळ्यात आमची पोरे फलक घेऊन त्यांच्या दारात उभी होती. त्यांना अटक झाली. तुम्ही ज्यांना शाळेबाहेर ठेवलेत, तीच ही पोरे. त्यांना दिवसभर दुसरे काम नव्हते. ते तुम्हीच काढून घेतले होते.

२५ मे रोजी निकाल लागलेल्या खटल्याला रेव्हरंड ग्रिफिन यांच्या कुटुंबाचे नाव आहे. एका घराला दमात घेऊन प्रकरण मिटेल, अशा भ्रमात राहू नका. मागे सारी वस्ती आहे.

वकील फार्मव्हिलचा रस्ता ओळखतात. कागद तयार आहेत. तारीख तेवढी घालायची बाकी आहे.