दंड कोणी भरावा?

जालना-भोकरदन रस्त्यावर वाहतूक पोलीस उभे दिसले, की केदारखेड्याच्या तरुणांना मोटारसायकलच्या विम्याची आठवण होते. विमा नसलेले वाहन चालविल्यास २०१९ च्या सुधारित कायद्यान्वये पहिल्या खेपेस दोन हजार व पुढील खेपेस चार हजार रुपये दंड आहे; म्हणून वाहनाचा विमा निघतो. वाहन चालविणाऱ्याचा निघत नाही. त्याच्या देहाचा विमा आहे की नाही, हे विचारण्यासाठी त्याला रस्त्यात कोणी अडवीत नाही, आणि ज्या गोष्टीसाठी कोणी अडवीत नाही ती आवश्यकच नाही, असा सोयीस्कर समज आमच्या ख्रिस्ती समाजातही रूढ होऊन बसला आहे. त्या समजाविरुद्ध आम्हांस लिहावयाचे आहे. त्याचबरोबर, ‘लोक ऐकत नाहीत, तर आरोग्यविम्यासाठीही दंड लावा’ असे म्हणणाऱ्या आमच्या काही सुशिक्षित बांधवांविरुद्धही लिहावयाचे आहे.

या बांधवांच्या डोळ्यांपुढे अमेरिका असते. तेथे २०१० साली झालेल्या कायद्यानुसार २०१४ पासून आरोग्यविमा न घेणाऱ्यास दंड भरावा लागे. २०१६ पर्यंत तो प्रौढ माणशी ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढा झाला. विमा घ्यावा की दंड भरावा, असा हिशेब तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही करावा लागला. ज्यांना नोकरीतून विमा मिळत होता त्यांना प्रश्नच नव्हता. पेच पडला तो हप्ता जड जाणाऱ्याला, पण सवलतीतही न बसणाऱ्याला. म्हणजे दंडाचा भार जेथे ओझे आधीच होते तेथेच पडला. अखेर २०१७ च्या करकायद्याने ही रक्कम शून्यावर आणली आणि २०१९ पासून केंद्र सरकारचा तो दंड उरला नाही.

आपल्याकडे तर गंगा उलटी वाहत होती. विमा न घेणाऱ्यास अमेरिकेने दंड केला. आमच्या सरकारने विमा घेणाऱ्यावर अठरा टक्के कर बसविला! वस्तू व सेवा कराच्या रूपाने जुलै २०१७ पासून आठ वर्षे तो वसूल झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत विम्यापुरता माफ झाला. उशिरा का होईना, शहाणपण सुचले. सक्तीचा आरोग्यविमा आपल्या देशात नाही असे मात्र नव्हे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने तो आणला. कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेत येणाऱ्या कारखान्यात कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो, मालकाला सव्वातीन टक्के भरावे लागतात, आणि भरणा चुकला तर शिक्षा होते ती मालकाला, कामगाराला नव्हे. दंड लावावयाचाच असेल तर तो कोणावर, याचे उत्तर त्या कायद्याने केव्हाच दिलेले आहे. पूर्णाकाठच्या शेतमजुराला मात्र असा मालक नाही. आज एकाच्या शेतात कापूस वेचावयाचा, उद्या दुसऱ्याच्या मक्यात राबावयाचे. त्याच्यासाठी सव्वातीन टक्के कोण भरणार?

‘सरकारी योजना आहे ना!’ असे येथे हटकून म्हटले जाते. योजना आहे, आणि ती लहान नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी या नावाने सुरू झालेली योजना पुढे राज्यभर झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. दीड लाखांची मर्यादा वाढून आता कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. जालन्यासह चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ देण्यात आला होता. ज्यांनी कार्ड काढले नसेल त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी ते काढावे. (केंद्राच्या योजनेसाठी २०११ च्या गणनेतून जे ग्रामीण निकष घेतले, त्यांत अनुसूचित जातीचे कुटुंब असणे हा एक होता. १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणूस त्या व्याख्येतच बसत नाही. गावकुसाबाहेरचे दारिद्र्य तेच, पण बाप्तिस्म्याबरोबर ते जणू कागदावरून पुसले गेले! तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

परंतु योजना म्हणजे सर्व काही नव्हे. यादीतील उपचार अंगीकृत रुग्णालयात दाखल होऊन घेतले तरच ती उपयोगी पडते. मधुमेहाची महिन्याची औषधे, बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या, घाटीत आईजवळ बसलेल्या मुलाचा बुडालेला रोज आणि त्याचे जेवण, हे सारे तिच्या बाहेर राहते. बाजारातील विमा घ्यावा, तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबविण्याची कंपनीला मुभा आहे. शिवाय चार एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याला दर वर्षी हप्ता भरावयाचा असतो, आणि त्याच्या शेतात दर वर्षी पाऊस पडतोच असे नाही.

तेव्हा दंड आहेच. तो पोलीस घेत नाही, न्यायालय घेत नाही, त्याची पावतीही मिळत नाही. तो सावकार व्याजाच्या रूपाने घेतो, बैलबाजारातील व्यापारी पडेल भावाच्या रूपाने घेतो. थोरल्या मुलीचे बारावीनंतरचे शिक्षण थांबते, तोही त्याच दंडाचा एक हप्ता. ‘विमा घ्यायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न’ असे म्हणणारे हा दंड कधी मोजीत नाहीत.

आमच्यातील काही भाविकांचा आक्षेप निराळा आहे. विमा काढणे म्हणजे परमेश्वरावर अविश्वास दाखविणे, असे ते म्हणतात. मोटारसायकलचा विमा काढताना ही श्रद्धा कोठे जाते, हे आम्ही त्यांना विचारीत नाही. आम्ही त्यांना शोमरोन्याच्या दाखल्याकडे नेतो. त्याने जखमींसाठी केवळ प्रार्थना केली नाही. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी धन्याच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन, असे सांगितले. त्या खर्चावर त्याने मर्यादा घातली नाही आणि जखमी माणसाला जातही विचारली नाही. आगाऊ रक्कम आणि पुढील खर्चाची हमी, याहून विमा म्हणजे वेगळे ते काय? फरक एवढाच, की हप्ता भरणारा एक होता आणि लाभ घेणारा दुसरा.

नेमके हेच आपल्या धर्मग्रामांतून व्हावे, असे आमचे म्हणणे आहे. ही कल्पना आमची नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा विमा चालविला. सुगीच्या दिवसांत प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची, जमीन अधिक त्याचा वाटा अधिक, आणि आजारपणात भूमिहीन व बागाईतदार यांना उपचार सारखाच. पैसा हाती नसलेल्या माणसाला धान्य देता येते, आणि सुगीला मागितले तर तो आनंदाने देतो, हे ज्याला कळले त्याला खेडे कळले. अमेरिकेच्या त्या कायद्यानेही, १९९९ अखेरपासून अखंड चालत आलेल्या आणि एकमेकांची रुग्णालयाची बिले वाटून भरणाऱ्या धार्मिक मंडळींना दंडातून वगळले होते. अर्थात त्या मंडळींवर पैसे देण्याचे कायदेशीर बंधन नसते, हे आम्ही जाणून आहोत. म्हणून केवळ सद्भावनेवर हा निधी सोडून चालणार नाही.

कापूस विकला जाईल तेव्हा वाटा जमा व्हावा. एकरामागे किती, हे लघु ख्रिस्ती समूहांनीच ठरवावे. भूमिहीनांचा वाटा नाममात्र असावा, पण असावा. कारण ज्याने काही दिले नाही तो मागताना मान खाली घालतो. सरकारी योजनेत जे बसते ते तेथूनच घ्यावे, आणि निधीचा पैसा औषधे, गाडीभाडे व बुडालेला रोज यांसाठी राखावा. गावातील अन्य धर्मीय सामील होऊ इच्छीत असतील तर त्यांना अडवू नये. हिशेब एका धर्मगुरूच्या वहीत राहता कामा नये. तीन सह्यांशिवाय रक्कम निघू नये, त्यांतील एक सही स्त्रीची असावी, आणि जमाखर्च दर तिमाहीस चर्चच्या दारावर लागावा. सणाच्या मांडवाचा आणि बँडचा खर्च ज्या वहीत लिहिला जातो, तीच वही उघडून पुढच्या कोऱ्या पानावर या निधीचे खाते घालता येईल.