घाटावरचा परीट

मैत्रिणींनो, गौरी-गणपतींची धावपळ संपली, फराळाचे डबे घासून फळीवर गेले. आता एखाद्या सकाळी पंचगंगेच्या घाटावर चक्कर मारा. पायरीवर शेपटी सारखी खाली-वर करत तुरुतुरु चालणारा, पिवळ्या पोटाचा सडसडीत पक्षी दिसेल. हा करडा परीट. पाठ करडी म्हणून नाव करडं, नजरेत मात्र भरतो तो पिवळा रंग! हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून हा येतो नि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातो. नदीकाठी कपडे आपटावेत तशी शेपटी आपटतो, म्हणून परीट. हे नाव एखाद्या बाईलाच सुचलं असणार, असं मला आपलं वाटतं.

रंकाळ्यावर आपण जातो ते संध्याकाळी, भेळ खायला. एकदा सकाळी सात वाजता जा. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, काळ्या अंगाचा नि पांढऱ्या कपाळाचा वारकरी, हे तर सहज दिसतील. पण नजर ठेवा ती कमळपक्ष्यावर. लांबच लांब बोटांमुळे तो तरंगत्या पानांवरून आरामात चालतो. गंमत पुढेच आहे. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची मादी अंडी घालते नि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवायची, पिल्लं सांभाळायची, सगळं बाबांनी! वर्गात हे सांगितलं तर मुली इतक्या हसल्या, की शेजारच्या वर्गावरच्या बाई डोकावून गेल्या. पावसाळ्यातली ही पिल्लं या दिवसांत बाबांच्या मागे फिरताना दिसतात.

पण पाणी चांगलं राहिलं तर! सांडपाण्यातल्या खतावर केंदाळ माजतं. थोडं असलं तर कमळपक्ष्याला चालतं. पण सगळं पाणी झाकलं, की आत ऊन जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. मग बुडी मारणाऱ्या पाणकावळ्यानं खायचं काय? आपल्या देवघरातलं निर्माल्य पाण्यात सोडलं, की त्यात भरच. शिवाय हारातला दोरा पक्ष्यांच्या पायात गुंततो तो वेगळाच. इराणी खणीत गणपती विसर्जन करायची सवय कोल्हापूरकरांनी लावून घेतलीच आहे, मग रोजच्या फुलांचं काय अवघड?

हारातला दोरा, जर, चमकी आधी काढून टाका. जुन्या बादलीला तळाशी भोकं पाडा. फुलांचा एक थर, वाळक्या पाल्याचा एक, मधूनमधून मूठभर माती. आठवड्यातून एकदा हलवा. फार ओलं वाटलं तर पाला वाढवा, वास येत नाही. दोन-तीन महिन्यांत कुंड्यांपुरतं खत तयार.

तोवर दिवाळी येईल नि बदकंही येऊ लागतील. पळीसारख्या चपट्या चोचीचा थापट्या त्यात असतो. सुट्टीत नाशिककडे जाणार असाल, तर निफाड तालुक्यातलं नांदूर-मधमेश्वर चुकवू नका. गोदावरीकाठच्या या अभयारण्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचं 2020 साली जाहीर झालं, महाराष्ट्रात पहिला. जाताना साडी मात्र भडक रंगाची नको, नि मुलांना गाडीतच खायला घाला.